दुखरा तो डावा

त्याला सगळे लटकू म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव कुठल्या तरी कागदावर असेलच, पण जो माणूस चाळीस वर्षं दोरीला लटकून इमारती रंगवतो त्याला लोक दुसरं काय म्हणणार? पाण्याची टाकी म्हणू नका, गिरणीचं धुराडं म्हणू नका, जिथं शिडी पोचत नाही आणि शहाणा माणूस जात नाही तिथं फळीवर बसून हा गडी खुशाल ब्रश मारायचा. मुकादम नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "नाव लटकू असलं तरी लटकं काम करायचा नाही हो." आणि ते खरंच होतं. रंगाचा एक हात मारून दोन मारले असं सांगणं त्याला कधी जमलं नाही. काही जणांना नसतंच जमत, त्याला कोण काय करणार!

या माणसाची एकच गोची होती. त्याला डावं-उजवं कळायचं नाही. शाळेत त्यापायी मार खाल्ला, लग्नात फोटोवाल्यानं "नवरदेव, जरा डावीकडे" म्हटलं तर हा जागचा हललाच नाही. दोन्ही हातांनी सारखंच काम करायचा, त्यामुळे कामाचा हात कुठला यावरूनही काही ठरेना. खालून साथीदार "डावीकडे! अरे, डावीकडे!" ओरडायचे आणि हा वर फळीवर बसून दोन्ही तळवे बघत राहायचा. खालच्यांची हसून पुरेवाट व्हायची.

ही गोची सुटली ती दीपगृहावर. किनाऱ्याच्या टोकाला दोनशे वर्षांपूर्वीचं दीपगृह होतं. पांढराशुभ्र मनोरा, त्यावर दोन लाल पट्टे. लटकूनं ते आयुष्यात तीनदा रंगवलं. पहिल्यांदा गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. दरवाजाच्या बरोबर वर, खालच्या लाल पट्ट्याशी तो लटकत होता. मनोऱ्यावर पडणारी वीज जमिनीत न्यायला विजेची तांब्याची पट्टी वरून खाली उतरत होती आणि ती धरायला ठिकठिकाणी लोखंडी आकडे ठोकलेले होते. वाऱ्याचा एक झोत असा आला की फळीसकट त्याला झोका बसला आणि त्याचा डावा खांदा त्या आकड्यावर आपटला. हाड मोडलं, जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून तो खांदा ठणकायचा कायमचाच.

दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. लटकू मात्र दवाखान्यातून खूश होऊन आला. आता त्याला कळायला लागलं होतं! दुखरा तो डावा, चांगला तो उजवा. साथीदारांनीही मग डावं-उजवं सोडून दिलं. खालून हाक यायची, "लटकू, दुखऱ्याकडे घे! अजून थोडा दुखऱ्याकडे!" की फळी बरोबर सरकायची. पुढची पस्तीस वर्षं त्या खांद्यानं त्याला एकदाही फसवलं नाही.

हात थरथरायला लागले तेव्हा त्यानं दोरी सोडली. बायको आधीच गेली होती. तो लेकीकडे राहायला आला. लेक औषधांच्या दुकानात गल्ल्यामागे उभी राहायची, सकाळी नऊ ते पाच. जावई बसदुरुस्तीच्या कारखान्यात. आणि नात दुसरीत. तिचं घरातलं नाव टिकली. चार वाजता टिकलीला शाळेतून आणायचं, हे लटकूचं काम. एवढं एकच काम त्याला उरलं होतं, आणि म्हणून ते किती मोठं होतं हे मी काय सांगू! साडेतीनला तो दाढी करायचा. होय, दाढी, भर दुपारी. पावणेचारला शर्ट बदलायचा. फाटकातून दुखऱ्याकडे, शिंप्याच्या दुकानापर्यंत सरळ, मग चांगल्याकडे, की समोर शाळेचं निळं गेट. येताना दप्तर चांगल्या खांद्यावर आणि टिकलीचा हात दुखऱ्या हातात. दुखऱ्या हाताला तिचं काही ओझं वाटायचं नाही.

या संगतीचा परिणाम असा झाला की बाईंनी वर्गात "डावा हात वर करा" म्हटलं तर टिकली विचारायची, "बाई, दुखरा का?" बाईंनी लेकीला शाळेत बोलावून घेतलं. "मुलीला हाताला काही लागलंय का?" लेक घरी येऊन बापावर चिडली. "बाबा, तिला नीट शिकवा. डावा म्हणजे डावा!" लटकू म्हणाला, "मी तरी दुसरं काय शिकवतोय?"

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी त्याच्या हातून काही घोळ झाले. गॅसवर दूध ठेवून तो विसरला, पातेलं काळंठिक्कर पडलं. चहापत्तीचा डबा न्हाणीघरात सापडला. एका सकाळी त्यानं जावयाला तीनदा विचारलं, "आज सुट्टी का?" जावयानं तिन्ही वेळा हसून उत्तर दिलं, पण तिसऱ्यांदा त्यानं लेकीकडे बघितलं आणि ते बघणं लटकूच्या नजरेतून सुटलं नाही.

डॉक्टरांनी त्याला कागदावर घड्याळ काढायला लावलं. त्यानं ते असं गोल, सुबक काढलं की डॉक्टर म्हणाले, वा! मग तारीख विचारली. त्यानं आदल्या दिवसाची सांगितली. "रंगाऱ्याला तारीख कशाला लागते साहेब? ऊन लागतं," असं वर म्हणालाही. डॉक्टर हसले, लेक हसली नाही. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात असेल, कदाचित नसेलही. लक्ष ठेवा. डोक्याला काम द्या. कोडी वगैरे."

लेक काही वाईट नव्हती हो. उलट बापासाठी जीव टाकणारी. चार दुकानं पालथी घालून तिनं तुकडे जोडायचं एक कोडं शोधून आणलं. पाचशे तुकडे, आणि खोक्याच्या झाकणावर चित्र कशाचं? त्याच दीपगृहाचं! पांढरा मनोरा, दोन लाल पट्टे, दरवाजा, बाजूला दिवा सांभाळणाऱ्या साहेबांचं बसकं घर, पायथ्याशी पाण्यात एक होडी. होडीच्या अर्ध्या अंगावर दुकानदाराची चिठ्ठी चिकटलेली होती, "विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ती निघता निघेना.

"बाबा, तुमचंच दीपगृह!" लेक म्हणाली. मग तिनं आवाज जरा कामाचा केला. "महिनाभर बघू. हे नीट जमलं, तर टिकलीला तुम्हीच आणायचं. नाही तर तिला शाळेची व्हॅन लावू. रस्त्यावर गाड्या केवढ्या, तुम्हीच बघता ना?"

 लटकू म्हणाला, "आण इकडे. ज्याच्यावर तीन वेळा रंग मारला ते मला जोडता येणार नाही होय?"

आणि इथंच त्याचं चुकलं. चुकलं म्हणजे काय, त्याला स्वतःवर भरवसा होता, एवढंच. त्यानं झाकण उचलून कपाटावर ठेवून दिलं. चित्र बघायची गरजच काय? दरवाजासमोर उभं राहिलं की साहेबांचं घर दुखऱ्याकडे, विजेची पट्टी दुखऱ्याकडे, आणि पाण्यात उतरायच्या पायऱ्या चांगल्याकडे. डोळे मिटले तरी दिसायचं ते! जेवायच्या टेबलाच्या एका बाजूला जाड पुठ्ठा टाकून तो कामाला लागला. मनोऱ्याच्या नुसत्या कडा मध्ये उभ्या केल्या, आतल्या खिडक्या आणि पट्टी नंतरसाठी ठेवली. घराचे कौलाचे तुकडे निवडून डाव्या अंगाला जमवले, घर झकास जुळलं. पायऱ्या उजव्या अंगाला. चार दिवसांत तीन बेटं तयार झाली.

पण बेटं एकमेकांना जोडली जाईनात. घराच्या भिंतीचा शेवटचा तुकडा मनोऱ्याच्या कडेत बसेना. फिरवून बघितला, दाबून बघितला, अंगठ्यानं ठोकून बघितला. "कारखान्यानं कापताना घोळ घातलाय," तो टिकलीला म्हणाला. टिकली म्हणाली, "आजोबा, झाकण बघायचं का?" "झाकण कशाला? मी बघितलंय ना खरं!"

रविवारी लेक चहाचा कप घेऊन आली, जरा वेळ उभी राहिली आणि कपाटावरून झाकण काढलं. मग तिनं एक पातळ फळी घराखाली सरकवली, आख्खं घर उचललं आणि मनोऱ्याच्या पलीकडे, उजव्या अंगाला नेऊन ठेवलं. टक्. भिंतीचा तुकडा कडेत असा बसला की सांधासुद्धा दिसेना. पायऱ्या डावीकडे नेल्या. टक्.

"घर उजवीकडे आहे, बाबा."

लटकूनं झाकण हातात घेतलं. दरवाजा समोर दिसत होता. घर उजवीकडे. विजेची पट्टीही उजवीकडेच. त्यानं झाकण लांब धरलं, जवळ धरलं, चष्मा काढून पुसला. "असं नाही ते," तो म्हणाला. "घर दुखऱ्याकडे आहे. मी त्या घराच्या ओट्यावर बसून भाकरतुकडा खाल्लाय. पट्टी दुखऱ्याकडे होती म्हणून तर दुखऱ्याला लागलं!"

जावई समजूत काढायला आला. "बाबा, तुम्ही दुसऱ्या बाजूनं बघितलं असेल."

"दुसऱ्या बाजूला समुद्र आहे. दुसऱ्या बाजूला दरवाजा नाही. हा बघा की दरवाजा!"

जावयानं फोनवर शोधलं. धड असा एकच फोटो सापडला, लांबून काढलेला. त्यातही घर उजवीकडेच होतं. "हे बघा." लटकूनं बघितलं. "हा होडीतून काढलाय. यात दरवाजा कुठाय? मागून बघितलं तर घर इकडचं तिकडे दिसणारच की!" पण त्याचं ऐकतंय कोण? जावयानं फोन खिशात टाकला होता. लेकीनं बापाच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी मऊपणानं म्हणाली, "बाबा, फोटो लटकं बोलत नाही ना."

ती हे रागानं म्हणाली असती तर परवडलं असतं. तो कडाकडा भांडला असता. पण ती आजारी माणसाशी बोलावं तसं बोलली.

त्या दिवसापासून त्यानं झाकण समोर ठेवून तुकडे जोडायला सुरुवात केली. आणि जसजसं चित्र पुरं होत गेलं तसतसा तो खचत गेला. कारण प्रत्येक तुकडा झाकणासारखाच बसत होता. त्याच्या आठवणीसारखा एकही नाही! खिडक्या त्याच्या डोक्यात दुखऱ्याकडून चांगल्याकडे चढत जायच्या, इथं उलट्या चढत होत्या. दरवाजाची बिजागरी भलत्या बाजूला. खडकांची रांगसुद्धा उलटी. एखादी गोष्ट चुकली तर माणूस म्हणेल, राहिलं नसेल लक्षात. इथं एकूण एक गोष्ट उलटी. विसरलेल्या माणसाचं असं होत नाही, त्याला काही ना काही बरोबर आठवतंच. मग हे काय आहे? डोकं आतल्या आत फिरून बसलंय की काय?

आणि मग, अहो, तो खांद्यावर उलटला. बिचाऱ्या खांद्यावर! पलंगावर बसून तो खांदा चाचपायचा आणि विचार करायचा. फोटो खरा, म्हणजे पट्टी उजवीकडे. पट्टी उजवीकडे, म्हणजे आपटला तो उजवा खांदा. म्हणजे हा दुखरा तोच उजवा. आणि मी चाळीस वर्षं याला डावा म्हणत आलो? मग साथीदार कसे काय फसले नाहीत? का तेही माझ्या नादानं... इथपर्यंत आलं की त्याला गरगरायचं. तो उठून पाणी प्यायचा, परत बसायचा आणि परत पहिल्यापासून सुरू करायचा.

जे पाय आजवर न विचारता चालत होते ते आता विचार करून पडायला लागले, आणि विचार करून पाय टाकला की काय होतं ते ठाऊकच आहे. लेक म्हणायची, "बाबा, डावीकडचा डबा द्या," हा क्षणभर थबकायचा, हिशेब करायचा आणि साखरेऐवजी मीठ द्यायचा. चप्पल घालताना खोळंबायचा. नळ उलटा पिळायचा. लेक हे सगळं बघत होती आणि तिचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. आधी बाबा फक्त विसरायचे, आता हे काय नवीन? तिनं एकदा स्वयंपाकघरात जावयाला हळूच सांगितलेलं लटकूनं ऐकलं. "व्हॅनवाल्याला गुरुवारी बोलावते. आता धोका नको."

गुरुवार उजाडला. चित्रात फक्त होडी उरली होती. बारा-तेरा तुकडे, पण झाकणावर तिथंच दुकानदाराची चिठ्ठी, त्यामुळे बघून लावायची सोय नव्हती. दुपारी घरात तो एकटाच होता. ही होडी पुरी झाली की कोडं पुरं, आणि लेकीनं शब्द दिला होता. एखाद्या वेळेस शब्दाला जागेल. त्यानं एकेक तुकडा रंगावरून, कडेवरून जुळवला. अडीच वाजता शेवटचा तुकडा बसला. पाचशेच्या पाचशे! त्यानं एकट्यानंच टाळी वाजवली.

होडीच्या नाकाडावर कुणीतरी ब्रशनं नाव लिहिलेलं होतं. छान, जाड फटकारे. ब्रश कसा दाबलाय ते त्याला लगेच दिसलं. तो वाचायला वाकला आणि त्याला वाचताच येईना.

अक्षरं ओळखीची वाटत होती. म्हणजे चेहरा ओळखीचा आणि नाव आठवू नये, तशी. एक काना होता, पण नको तिथं. एक अक्षर कुणाकडे तरी पाठ फिरवून बसल्यासारखं. लटकू चौथीपर्यंत शिकलेला, वर्तमानपत्र बोट ठेवून वाचायचा, पण वाचायचा! आत्ता बोट ठेवलं तरी काही उमटेना. त्यानं शेजारी पडलेल्या झाकणावरची चिठ्ठी वाचून बघितली. "वि-क-ले-ला मा-ल." ते वाचता आलं. परत होडीकडे बघितलं. नाही. म्हणजे थोडं शिल्लक आहे आणि थोडं गेलं. असंच जात असणार हळूहळू, आज एका होडीचं नाव, उद्या टिकलीचं.

तो घाबरला. अगदी लहान पोरासारखा घाबरला. पण साडेतीन वाजले आणि सवयीनं उठून त्यानं दाढी केली. डोकं फिरलं म्हणून पोरीला शाळेत ठेवायचं की काय? आरशासमोर त्यानं शांतपणे विचार केला, आणि त्याला तो चांगलाच पटला. डोकं उलटं चालतंय, हे तर कळलंय? मग सोपं आहे. ते जे सांगेल त्याच्या उलट करायचं. उलट्याचं उलटं केलं की सुलटं होणार. यात काय अवघड आहे?

तो फाटकात आला. खांद्यानं सांगितलं, इकडे. काल आणि परवाही त्यानं इथं दोन्ही हात बघत वेळ काढला होता. काल तर चार पावलं भलतीकडे जाऊनही शेवटी न राहवून परत फिरला होता. आज त्यानं मनाचा हिय्या केला. खांदा म्हणत होता इकडे, म्हणून तो तिकडे वळला.

रस्त्याला शिंपी लागला नाही. एक लेथवाला लागला, ठिणग्या उडवत बसलेला. मग टायरचं दुकान लागलं. यातलं काहीही लटकूच्या ओळखीचं नव्हतं आणि प्रत्येक अनोळखी दुकानाबरोबर त्याला धीर येत होता. ओळखीचं वाटत नाही ना? मग बरोबर चाललोय! पुढे त्याच्या मनानं म्हटलं, परत फीर. तो आणखी झपाझप चालायला लागला. कोपरा आला, तो वळला, आणि समोर खरोखरच निळं गेट होतं.

तो गेटाच्या कडेला उभा राहिला. शर्ट नीट केला. चार वाजले. घंटा झाली नाही. सव्वाचार झाले. गेटातून एक ट्रक बाहेर आला, पोती भरलेला. पोरं काही येईनात. खुर्चीवरचा रखवालदार बराच वेळ त्याच्याकडे बघत होता, तो शेवटी उठून आला.

"कुणाकडे आलात, बाबा?"

"नातीला न्यायला. शाळा सुटली नाही का अजून?"

"शाळा?" रखवालदारानं मागं वळून गेटाकडे बघितलं, जणू आपलंच काही चुकत असावं. "हे धान्याचं गोदाम आहे. शाळा तर पार तिकडे, तुम्ही उलट्या दिशेला आलात."

लटकू त्याच्याकडे बघून हसला. "मलाही हे गोदामच वाटतंय," तो म्हणाला. "म्हणूनच थांबलोय. मला जे वाटतं ते हल्ली खरं नसतं."

 रखवालदारानं आपली खुर्ची आणून दिली. लटकू बसला नाही, पोरगी आली की तिला दिसायला हवं ना.

पावणेपाचला लेक आली. धावत आली, पदर खोचलेला, घामाघूम. तिच्या एका हातात टिकलीचा हात होता आणि दुसऱ्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं. टिकलीनं लांबूनच हाक मारली, "आजोबा!" लटकूनं आधी नातीला आपादमस्तक न्याहाळलं. दप्तर, पाण्याची बाटली, दोन्ही वेण्या. सगळं होतं.

"बघा, आली," तो रखवालदाराला म्हणाला. पण ती गेटातून आली नव्हती, रस्त्यानं आली होती, आणि हे ध्यानात आल्यावर त्याचं हसू विरलं.

लेकीला धाप लागली होती. "व्हॅनवाला यायचा म्हणून लवकर आले," ती म्हणाली. "तुम्ही घरात नव्हतात. शाळेत गेले तर ही मावशींजवळ रडत बसलेली. हिनंच सांगितलं, काल तुम्ही फाटकातून चांगल्याकडे वळायला लागला होतात, तुम्हीच येताना तिला म्हणालात म्हणून." मग तिनं मूठ उघडली. आत होडीचं नाकाड होतं. जोडलेले चार तुकडे, एक कोपरा निसटलेला. "बाबा, हे वाचलंत?"

लटकूनं मान खाली घातली. "नाही आलं वाचता."

"कसं येईल? उलटं आहे हे! मी दिवसभर गल्ल्यामागे उभी असते. दुकानाच्या काचेवरचं नाव मला आतून असंच दिसतं, रोज, आठ तास! मी बघताक्षणी वाचलं. 'मैना' लिहिलंय. अख्खं चित्र उलटं छापलंय, बाबा. होडीसकट, घरासकट, पट्टीसकट." तिनं ते तुकडे त्याच्यापुढे धरले. "घर डावीकडेच आहे. तुम्ही बरोबर होतात. पहिल्या दिवसापासून बरोबर होतात, आणि मी..."

 रस्त्यातच ती रडायला लागली. रखवालदार आपला गेटाकडे निघून गेला. लटकूनं होडी हातात घेतली, उन्हात धरली, तुकडे पालथे-सुलटे करून बघितले. मग दुसरा हात हळूहळू खांद्यावर गेला. अगदी रुसलेल्या माणसाची समजूत काढावी तसा तो खांदा चोळत राहिला.

"म्हणजे हा डावाच," तो म्हणाला.

"डावाच. कायमच होता."

"बरं झालं बाई." त्यानं खरोखर सुटकेचा श्वास सोडला. 

लेकीनं डोळे पुसले. "व्हॅनवाल्याला मी आत्ताच नाही म्हणून सांगते. टिकलीला तुम्हीच आणायचं."

"नको." लटकूनं मान हलवली. "येऊ दे व्हॅन."

"अहो बाबा, पण चित्रच चुकीचं होतं!"

"चित्र चुकलं, मान्य. पण रस्ता मी चुकलो ना? फोटोनं सांगितलं आणि मी माझ्या खांद्याचं ऐकलं नाही. उद्या आणखी कुणी काही सांगेल." तो टिकलीकडे बघत होता. "अर्धा तास पोर रडत बसली, पोरी. मला इथं कळतसुद्धा होतं की हे गोदाम आहे. कळत असून मी उभा राहिलो. असा माणूस नको तिला आणायला."

 लेकीला म्हणायचं होतं की हे मी केलं. तुमचं डोकं बिघडलं नव्हतं, आम्ही बिघडवलं. पण दूध विसरलं होतं ते खरंच होतं, आणि चहापत्तीचा डबाही. यातलं आजाराचं किती, वयाचं किती आणि आपण घातलेल्या गोंधळाचं किती, हे तिचं तिलाच कळेना. डॉक्टरांनाही कळलं असतं की नाही, कोण जाणे.

टिकलीनं आजोबांचा हात धरला. नेहमीचाच, दुखरा. दप्तर तिनं उतरवून दिलं, ते त्यानं चांगल्या खांद्यावर घेतलं, आणि तिघं परत निघाली. टायरचं दुकान गेलं, लेथवाला गेला. लटकू प्रत्येक वळणावर किंचित थांबायचा आणि लेक मुद्दाम एक पाऊल मागं राहायची, त्यानं आधी वळावं म्हणून. दोन्ही वेळा तो बरोबर वळला.

घराच्या फाटकाशी आल्यावर त्यानं विचारलं, "ही व्हॅन थांबणार कुठं?"

"इथंच. फाटकाशी."

"मी उतरवून घेईन तिला. तेवढं जमेल मला. फक्त कुठल्या बाजूला उभं राहायचं ते सांगून ठेव. नीट सांग हं, मला परत घोळ नको."

लेकीनं रस्त्याकडे बघितलं, शिंप्याच्या दुकानाकडे. लहानपणापासून तिनं बापाचा तो शब्द कधी तोंडात घेतला नव्हता. चारचौघांत तिला त्याची लाज वाटायची.

"दुखऱ्याकडे, बाबा," ती म्हणाली. "दुखऱ्याकडे उभं राहायचं."